कर्करोगावरील उपचार सुरू असताना वेदनाशामक मलम चोळावे का?

कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'आणखी कोणती औषधे सुरू आहेत?' रुग्ण किंवा त्याच्यासोबत आलेले नातेवाईक रक्तदाबाची गोळी सांगतात, मधुमेहाची सांगतात, थायरॉइडची सांगतात. उशाशी ठेवलेली वेदनाशामक जेलची ट्यूब, कपाटातील बामची बाटली आणि रात्री गुडघ्यांना चोळायचे तेल यांचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. त्यात काही लपवण्याचा हेतू नसतो. जे पोटात जात नाही ते औषध नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत असते. डॉक्टरांच्या कागदांवर त्यामुळे या ट्यूबची नोंद राहत नाही.

या समजुतीतून दोन परस्परविरोधी चुका होतात. काही रुग्ण केमोथेरपी सुरू असताना दिवसातून चार-पाच वेळा मलम चोळत राहतात. काही जण 'केमोमध्ये पेनकिलर चालत नाही' एवढेच कुठेतरी ऐकतात आणि ज्या दुखण्यावर साधे जेल पुरेसे ठरले असते, ते महिनोन्‌महिने सोसत बसतात. मलम सुरक्षित आहे की धोकादायक, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. ट्यूबमध्ये काय आहे, ते किती आणि कोठे लावले जाते आणि कर्करोगाचे नेमके कोणते औषध सुरू आहे, या तीन गोष्टींवर ते उत्तर अवलंबून असते.

त्वचेतून आत किती जाते?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा पातळ थर हा शरीराचा मोठा अडसर आहे. बहुतेक पदार्थांना तो सहजासहजी आत येऊ देत नाही. तथापि तो अभेद्य नाही. डायक्लोफिनॅक जेलचे उदाहरण घेता येईल. एका गुडघ्यावर एका वेळी ४ ग्रॅम याप्रमाणे दिवसातून चार वेळा हे जेल लावल्यास रक्तात पोहोचणारे औषध हे त्याच औषधाच्या गोळ्या घेतल्यावर पोहोचणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे ६ टक्के असते. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात मिळून दिवसाला ४८ ग्रॅम जेल लावले, तर हेच प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर जाते. म्हणजे गोळीच्या तुलनेत जेल खूपच सौम्य आहे. परंतु 'आत काहीच जात नाही' हे खरे नाही.

हे प्रमाण आणखी वाढवणाऱ्या गोष्टी घरोघरी केल्या जातात. मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणे, घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक गुंडाळणे, आंघोळीनंतर लगेच गरम त्वचेवर चोळणे आणि खरचटलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर लावणे, या सर्व प्रकारांत औषध अधिक वेगाने व अधिक प्रमाणात शोषले जाते.

ट्यूबमध्ये नेमके काय असते?

'दुखण्याचे मलम' या एका नावाखाली चार निरनिराळ्या गटांतील पदार्थ विकले जातात. पहिला गट डायक्लोफिनॅक, कीटोप्रोफेन, पायरॉक्सिकॅम, आयबुप्रोफेन अशा सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा. दुसरा मिथाइल सॅलिसिलेटचा; हे ॲस्पिरिनच्या कुळातील द्रव्य आहे. तिसरा मेन्थॉल, कापूर आणि मिरचीतील कॅप्सायसिन अशा, त्वचेवर थंड किंवा गरम संवेदना निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा. चौथा लिग्नोकेनसारख्या, जागा बधिर करणाऱ्या औषधांचा.

भारतात लोकप्रिय असलेल्या अनेक जेलमध्ये यांचे मिश्रण असते. डायक्लोफिनॅक, १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट, ५ टक्के मेन्थॉल आणि जवसाचे तेल हे त्यातील एक परिचित मिश्रण. ३० ग्रॅमच्या अशा ट्यूबमध्ये ३ ग्रॅम मिथाइल सॅलिसिलेट असते. 'आपण फक्त जेल लावतो' असे म्हणणारा रुग्ण प्रत्यक्षात दोन वेदनाशामके एकाच वेळी लावत असतो.

वेष्टनावर 'आयुर्वेदिक' असे लिहिलेले असले म्हणजे हा प्रश्न सुटत नाही. अनेक बाम आणि तेलांच्या घटकद्रव्यांत 'गंधपुरा तेल' असा उल्लेख आढळतो. या तेलाचा जवळजवळ सर्व भाग मिथाइल सॅलिसिलेटचाच असतो. या द्रव्याची ताकद लक्षात यावी म्हणून एक हिशेब पुरेसा आहे. शुद्ध गंधपुरा तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे चहाच्या एका चमच्यात, सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. ॲस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके हे प्रमाण होते. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू स्नायूंच्या दुखण्यावरील मलमांच्या अतिवापरातून शरीरात साठलेल्या मिथाइल सॅलिसिलेटमुळे झाला, असा निष्कर्ष तेथील वैद्यकीय तपासणीत निघाला होता. असे प्रसंग अतिशय विरळ आहेत. पण त्वचेतून किती औषध आत जाऊ शकते, हे त्यातून कळते.

मेथोट्रेक्सेट : सर्वाधिक सावधगिरी

रक्ताचा कर्करोग, हाडांचा कर्करोग आणि लिम्फोमाच्या काही प्रकारांत मेथोट्रेक्सेट हे औषध वापरले जाते. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनातून हे औषध पुढे आले. या औषधाचा बहुतांश भाग मूत्रपिंडावाटे, लघवीतून बाहेर पडतो. तो वेळेत बाहेर पडला नाही, तर तेच औषध अस्थिमज्जा, तोंडातील व आतड्यातील आवरण आणि स्वतः मूत्रपिंड यांना इजा करते.

वेदनाशामकांचा संबंध येथे येतो. डायक्लोफिनॅक, कीटोप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि मेथोट्रेक्सेट बाहेर टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८६ मध्ये मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेटसोबत कीटोप्रोफेन घेतलेल्या रुग्णांना गंभीर विषबाधा झाल्याची आणि त्यात मृत्यूही ओढवल्याची नोंद प्रसिद्ध झाली. हा परिणाम तोंडाने घेतलेल्या औषधाचा होता, जेलचा नव्हे. मात्र मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट देताना रक्तातील त्याची पातळी मोजून, भरपूर सलाइन देऊन आणि ल्युकोव्होरिन हे उताऱ्याचे औषध वापरून प्रत्येक पाऊल टाकले जाते. अशा वेळी मोठ्या भागावर चोळलेले जेल हा हिशेबाबाहेरचा घटक ठरतो. त्यामुळे त्या काळात या गटातील कोणतेही मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

संधिवातासाठी आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत घेतले जाणारे मेथोट्रेक्सेट ही वेगळी परिस्थिती आहे. तेथे रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली वेदनाशामके दिली जातात. शेजारच्या संधिवाताच्या रुग्णाला जे चालते, ते कर्करोगाच्या रुग्णाला चालेलच असे नाही आणि उलटही तसेच.

मूत्रपिंडावर भार टाकणाऱ्या इतर औषधांनाही हाच विचार लागू पडतो. सिस्प्लॅटिन स्वतःच मूत्रपिंडाला इजा करू शकते. फुफ्फुसाच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या पेमेट्रेक्सेडबाबत, मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावलेल्या रुग्णांनी औषध देण्याच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आयबुप्रोफेन टाळावे, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते. ही सूचना प्रामुख्याने गोळ्यांसाठी आहे. तथापि जेलसोबत तेच औषध पोटातूनही घेतले जात असेल, तर दोन्हींची बेरीज होते.

रक्त पातळ करणारी औषधे आणि बाम

कर्करोगाच्या रुग्णांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे अनेकांना कर्करोगाच्या औषधांबरोबरच रक्त पातळ ठेवणारी औषधेही घ्यावी लागतात. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकोमॅरॉल घेणाऱ्यांची मात्रा 'आयएनआर' या रक्ततपासणीवरून ठरते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० मध्येच अशा ११ रुग्णांची नोंद केली होती, ज्यांच्या बाबतीत मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमामुळे वॉरफेरिनचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढला होता. काहींना रक्तस्रावही झाला होता.

कर्करोगाच्या रुग्णाच्या बाबतीत यात तिसरा घटक मिसळतो. स्तन व आतड्याच्या कर्करोगात दिली जाणारी कॅपेसिटाबिन ही गोळी वॉरफेरिनचा परिणाम लक्षणीय वाढवते. टॅमॉक्सिफेनही तो वाढवते. म्हणजे आयएनआर आधीच वर सरकलेला असताना वरून बाम चोळला जातो. शिवाय केमोथेरपीनंतर काही दिवस प्लेटलेट पेशींची संख्या घटलेली असते. हिरड्यांतून रक्त येणे, कारण नसताना काळे-निळे डाग पडणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे यांपैकी काहीही दिसल्यास मलम बंद करून त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधणे आवश्यक ठरते. ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन ही नवी औषधे घेणाऱ्यांच्या आयएनआर तपासणीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून त्यांनी या लक्षणांकडे अधिक बारकाईने पाहावे.

जेथे मलमच उपयोगी ठरते

चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही औषधे अनेक वर्षे घ्यावी लागतात. ती घेणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांना सांधेदुखीचा त्रास होतो. सकाळी बोटे आखडतात, जिना उतरताना गुडघे बोलू लागतात. या दुखण्याला कंटाळून काही जणी कर्करोगाचे औषधच सोडून देतात आणि त्यातून रोग पुन्हा उद्भवण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास देणाऱ्या रोजच्या गोळ्यांपेक्षा एक-दोन सांध्यांपुरते लावलेले साधे डायक्लोफिनॅक जेल हा अनेकदा अधिक सौम्य पर्याय असतो. भीतीपोटी तो नाकारण्याचे कारण नाही; डॉक्टरांना विचारून तो घ्यावा.

याहून उल्लेखनीय बाब भारतातच पुढे आली. कॅपेसिटाबिनमुळे तळहात आणि तळपाय लाल होणे, सोलणे, दुखणे असा त्रास अनेकांना होतो. तो वाढला की मात्रा कमी करावी लागते किंवा औषध थांबवावे लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी स्तन व पचनमार्गाच्या कर्करोगाच्या २६४ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना १ टक्का डायक्लोफिनॅक जेल, तर उर्वरितांना औषध नसलेले जेल देण्यात आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मध्यम ते तीव्र त्रास औषधी जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के रुग्णांना झाला, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. दुकानात 'दुखण्याचे जेल' म्हणून मिळणारे औषध येथे कर्करोगाचा उपचार अखंड चालू ठेवण्यास साहाय्यक ठरले.

मात्र या चाचणीत वापरलेले जेल केवळ डायक्लोफिनॅकचे होते. मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल किंवा कॅप्सायसिन असलेले मिश्र जेल सोललेल्या तळहातांवर लावल्यास आग आणि जळजळ वाढेल. त्वचा फुटल्यानंतर स्वतःच्या मनाने कोणतेच जेल सुरू करू नये.

त्वचा जेव्हा नाजूक झालेली असते

किरणोपचार सुरू असलेल्या भागावरील त्वचा भाजल्यासारखी हळवी होते. तेथे बाम, गरम करणारे मलम किंवा शेक देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, मेन्थॉल व मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे निरोगी व्यक्तींनाही त्वचा भाजल्यासारख्या इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब या औषधांनी हातापायांच्या नसांवर परिणाम होऊन मुंग्या येतात व बधिरपणा येतो. बधिर पायाला चटका बसला तरी रुग्णाला तो कळत नाही. तेथे गरम मलम आणि त्यावर पुन्हा शेक हा दुहेरी धोका असतो. कीटोप्रोफेनच्या जेलबाबत आणखी एक पथ्य आहे. ते लावलेल्या जागी ऊन लागल्यास तीव्र पुरळ उठू शकते. वापर सुरू असताना आणि थांबवल्यानंतरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकून ठेवावी लागते. कर्करोगाच्या काही औषधांनीही त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून हे पथ्य अशा रुग्णांनी विशेष पाळावे.

फेन्टानिलची पट्टी म्हणजे मलम नव्हे

तीव्र वेदनांसाठी डॉक्टर काही रुग्णांना त्वचेवर चिकटवायची फेन्टानिलची पट्टी देतात. ती दुखऱ्या जागेवर लावायची पट्टी नाही. अफूच्या वर्गातील हे तीव्र औषध त्वचेतून रक्तात जाऊन संपूर्ण शरीरावर काम करते. एक पट्टी साधारणपणे ७२ तास चालते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास किंवा रुग्णाला जोराचा ताप आल्यास औषध वेगाने शोषले जाते आणि श्वास मंदावण्याचा धोका निर्माण होतो.

या पट्टीचा कर्करोगाच्या औषधांशी संबंध यकृतातून येतो. फेन्टानिलचे विघटन यकृतातील ज्या एन्झाइममुळे होते, त्याचे काम इमॅटिनिबसारखी औषधे आणि उलटी थांबवणारे ॲप्रेपिटंट मंदावतात. त्यामुळे फेन्टानिलची पातळी वाढू शकते. प्रोस्टेटच्या कर्करोगातील एन्झाल्युटामाइड हेच काम वेगवान करते आणि पट्टीचा परिणाम कमी पडू शकतो. औषध बदलल्यानंतर रुग्णाला अचानक फार गुंगी येऊ लागली किंवा पूर्वीच्याच पट्टीने वेदना थांबेनाशी झाली, तर हे त्याचे कारण असू शकते. एका रुग्णाची उरलेली पट्टी दुसऱ्याला लावणे तर प्राणावर बेतू शकते.

दुखणे नेमके कशाचे आहे?

मलमांच्या बाबतीत सर्वांत मोठी हानी अनेकदा औषधांच्या परस्परपरिणामातून होत नाही. ती गमावलेल्या वेळेतून होते. स्तन, फुफ्फुस आणि प्रोस्टेटचे कर्करोग मणक्यात पसरू शकतात. कर्करोग झालेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तीला पाठीत नव्याने सुरू झालेले, रात्री आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे हे 'बसून बसून पाठ धरली' म्हणून तेल चोळत घालवण्याचे दुखणे नव्हे. त्यासोबत पायांत अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे यांपैकी काहीही दिसल्यास मज्जारज्जूवर दाब येत असल्याची शक्यता असते. त्या स्थितीत उपचारांना उशीर झाला, तर गेलेली चालण्याची शक्ती परत येईलच याची खात्री नसते.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर तेथे मालिश मुळीच करू नये. ती रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. प्रेमापोटी पाय चेपून देणाऱ्या घरच्यांना ही गोष्ट ठाऊक असणे गरजेचे आहे.

रुग्ण व नातेवाइकांनी काय करावे?

* केमोथेरपीच्या पुढील भेटीला जाताना घरातील सर्व मलमे, बाम, तेले व पट्ट्या वेष्टनासह एका पिशवीत घालून न्याव्यात. नाव सांगण्यापेक्षा घटकद्रव्ये दाखवणे अधिक उपयुक्त ठरते.
* 'मलम लावू का?' असे मोघम न विचारता कोठे, किती वेळा आणि किती दिवस लावले जाते, हे सांगावे.
* मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट, वॉरफेरिन किंवा ॲसिनोकोमॅरॉल सुरू असल्यास, प्लेटलेट कमी असल्यास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारल्याशिवाय काहीही लावू नये.
* वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मलम नव्याने सुरू केले असेल, तर ते डॉक्टरांना सांगून आयएनआर तपासून घ्यावा.
* जेलसोबत त्याच गटातील गोळी स्वतःहून घेऊ नये. केमोथेरपीच्या काळात अंग दुखत असेल, तर गोळी घेण्यापूर्वी ताप मोजावा. वेदनाशामक गोळीने ताप झाकला जातो आणि संसर्ग उशिरा लक्षात येतो.
* मलम लावल्यावर त्या जागेवर शेक किंवा घट्ट पट्टी नको. जखम, पुरळ व किरणोपचाराची जागा टाळावी. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.
* नवे, वाढते किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे आधी तपासून घ्यावे, मग मलमाचा विचार करावा.
* डॉक्टरांनी दिलेले कर्करोगाचे औषध दुखण्यामुळे परस्पर बंद करू नये. दुखण्यावर इलाज आहे, तो मागून घ्यावा.

बहुतेक रुग्णांना या चौकशीनंतर एखादे साधे जेल लावण्याची परवानगी मिळते. काहींना ते बदलून दिले जाते आणि थोड्यांना काही आठवड्यांसाठी ते थांबवायला सांगितले जाते. यांपैकी आपला रुग्ण कोणत्या गटात बसतो, हे डॉक्टरांना ठरवता यावे, यासाठी उशाजवळच्या ट्यूबचे नाव त्यांच्या कागदांवर असायला हवे.